गोव्यात ट्रफलचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारदेशातल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये मी टेबलं सांभाळते. ट्रफलचे पदार्थ ही आमच्याकडची खासियत. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, सावंतवाडीकडून येणारी मराठी कुटुंबं मेन्यू उघडला की साधारण हेच प्रश्न विचारतात. काही जण विचारायला संकोचतात आणि मग बिल आल्यावर हिरमुसतात. ते बघवत नाही, म्हणून उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. गोव्यात कुठेही ट्रफल खायला बसलात तरी ती उपयोगी पडतील.

ट्रफल म्हणजे नक्की काय? केकवाल्याकडे मिळतो तोच का?

नाही. केकच्या दुकानातला ट्रफल चॉकलेटचा असतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी बुरशी, मशरूमसारखीच. ओक, हेझल, पॉप्लर अशा झाडांच्या मुळांशी तिची भागीदारी असते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार पुरवते. बाहेरून ट्रफल मातीने माखलेल्या ओबडधोबड गोळ्यासारखा दिसतो. अक्रोडाएवढा असतो, कधी मुठीएवढाही.

साधं मशरूम जमिनीच्या वर येऊन आपले बीजाणू वाऱ्यावर सोडतं. ट्रफलला ती सोय नाही. म्हणून पिकला की तो असा काही वास सोडतो की रानडुकरासारखे प्राणी माती उकरून त्याला खातात आणि बीजाणू दूरवर नेतात. त्याचा सगळा मोठेपणा या वासात आहे, आणि तुम्ही पैसे मोजता तेही या वासासाठीच. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतील.

डुकरं लावून शोधतात हे खरं का?

पूर्वी शोधायचे. पण डुक्कर ट्रफल खाऊन टाकतं आणि उकरताना मुळांची नासाडी करतं, त्यामुळे इटलीत १९८५ पासून त्यावर बंदी आहे. आता शिकवलेली कुत्री वापरतात. लागोत्तो रोमान्योलो ही कुरळ्या केसांची जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. कुत्रं जागा दाखवतं, माणूस छोट्या खुरप्याने हळूच माती बाजूला करून ट्रफल काढतो आणि खड्डा पुन्हा बुजवतो, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच परत मिळण्याची आशा राहते. इटलीतल्या या परंपरागत ज्ञानाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

एवढा महाग का?

सगळ्यात महाग पांढरा ट्रफल. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांतात आल्बा गावाच्या आसपासचा सर्वांत नावाजलेला. त्याची बाजारासाठी शेती अजून जमलेली नाही. फ्रेंच संशोधकांनी लागवडीत तो उगवल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, तरी बाजारात येणारा माल जवळजवळ सगळा जंगलातून शोधून आणलेला असतो. त्यात तो टिकत नाही. जमिनीतून काढल्यापासून रोज थोडा सुकतो, वास उतरत जातो आणि आठवडाभरात त्यातला जीव निघून जातो. म्हणजे पिएमोंतेच्या टेकडीपासून मोपा किंवा दाबोळी विमानतळापर्यंत आणि तिथून आमच्या फ्रीजपर्यंतचा प्रत्येक दिवस त्याच्या आयुष्यातून वजा होतो.

काळ्या ट्रफलचं तसं नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओकची झाडं लावून त्याचं उत्पादन घेतलं जातं. आता इटली, स्पेन, ऑस्ट्रेलियातही मोठ्या बागा आहेत. तरी झाड लावल्यावर पहिला ट्रफल मिळेपर्यंत बरीच वर्षं वाट पाहावी लागते, आणि मिळेलच याची खात्री नसते.

ताजा ट्रफल खायचा तर गोव्यात कधी यावं?

पांढऱ्यासाठी ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबर. सुदैवाने गोव्याचा पर्यटन सीझनही तेव्हाच सुरू होतो. माझं ऐकाल तर नोव्हेंबरमध्ये या. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत स्वयंपाकघर आणि रस्ते दोन्ही तुंबलेले असतात, आणि शांतपणे खायची गोष्ट घाईत खावी लागते.

काळा हिवाळी ट्रफल डिसेंबर ते मार्च. उंब्रियातलं नोर्चा हे इटलीतलं त्याचं प्रसिद्ध गाव. मे ते ऑगस्टमध्ये उन्हाळी ट्रफल असतो. तो आतून फिकट बदामी, वासाला सौम्य आणि दराला बराच स्वस्त. आणि पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारशी कुणाला माहीत नसते: जून ते ऑगस्ट हा ऑस्ट्रेलियातला हिवाळा. तिथला काळा ट्रफल तेव्हा तयार होतो आणि तो इटलीतल्याच जातीचा असतो. त्यामुळे जुलैत एखाद्या ठिकाणी ‘ताजा काळा ट्रफल’ लिहिलेलं दिसलं तर लगेच खोटं समजू नका. कुठला आहे ते विचारा. ‘ऑस्ट्रेलियाचा’ असं उत्तर आलं तर ते पटण्यासारखं आहे. ‘आल्बाचा पांढरा’ असं उत्तर आलं तर मात्र नाही.

मग बाराही महिने ट्रफल फ्राइज, ट्रफल पिझ्झा मिळतो तो कसा?

ट्रफल ऑइलने. या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण लोकांची निराशा इथूनच सुरू होते.

बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये ट्रफल नसतो. ऑलिव्ह किंवा दुसऱ्या एखाद्या तेलात प्रयोगशाळेत तयार केलेलं सुगंधी द्रव्य मिसळलेलं असतं. २,४-डायथायापेंटेन हे त्यातलं मुख्य. हे द्रव्य पांढऱ्या ट्रफलच्या वासातही असतं, त्यामुळे ओळख पटल्यासारखी वाटते. पण खऱ्या ट्रफलच्या वासात अशी कितीतरी द्रव्यं एकत्र असतात. ऑइलमध्ये त्यातलं एकच, तेही ढणढणीत. पहिल्या घासाला मजा येते, पाचव्या घासाला डोकं धरतं आणि रात्री झोपेपर्यंत तोच ढेकर येत राहतो. त्यानंतर माणूस ‘आपल्याला नाही बाबा ट्रफल आवडत’ असं ठरवून टाकतो. त्याने ट्रफल खाल्लेलाच नसतो!

बरणीतल्या ट्रफल पेस्टमध्ये थोडा उन्हाळी ट्रफल असतो, पण बाकी बहुतांश साधं मशरूम आणि कधी काळे ऑलिव्ह असतात. सँडविचला लावायला ती वाईट नाही. फ्राइजवर ऑइल शिंपडलेलं खायला आवडत असेल तर खुशाल खा. माझं म्हणणं एवढंच की ऑइलच्या पदार्थाला ऑइलचीच किंमत मोजा. ऑर्डर देण्याआधी सरळ विचारा, ‘यात ताजा ट्रफल आहे की ऑइल?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे अपमान नव्हे. चांगल्या ठिकाणी वेटर खरं सांगतो, आणि ताजा असेल तर आणून दाखवतोही.

दाखवला तर त्यात काय बघायचं?

आधी वास घ्या. काचेच्या बरणीत कागदात गुंडाळून ठेवलेला असेल तर झाकण उघडताक्षणी हातभर अंतरावरून वास यायला हवा. नाक खुपसूनही काही जाणवलं नाही तर त्या दिवशी पास्त्यावरच समाधान माना. मग हलकेच दाबून बघू द्या म्हणा. तो टणक हवा, स्पंजासारखा दबता कामा नये. पांढरा बाहेरून पिवळसर, जुन्या हस्तिदंतासारखा दिसतो आणि आत फिकट तपकिरी, त्यात बारीक पांढऱ्या रेषांची जाळी. काळा हिवाळी ट्रफल बाहेरून खवल्याखवल्यांचा, आतून काळपट आणि त्यातही पांढऱ्या रेषा.

काळ्यात एक फसगत होऊ शकते. चीनमधून येणारा एक ट्रफल दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याला वास जवळजवळ नसतो. गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावात ‘इंडिकम’ आहे, कारण १८९२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते हिमालयातल्या नमुन्यांवरून. डोळ्यांनी फरक करणं तज्ज्ञांनाही जड जातं, म्हणूनच वासावर भरवसा ठेवा.

वास येतो म्हणता, पण आम्हाला तर गॅस लीक झाल्यासारखा वाटला!

बरोबर वाटला. ट्रफलच्या वासात गंधकाची संयुगं असतात आणि घरच्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून जे मिसळतात तेही गंधकाचंच संयुग. पहिल्या क्षणी नाक तेच ओळखतं. तो पदार्थावर पडला आणि लोण्याची वाफ लागली की लसूण, मध, ओली माती, जुनं चीज असं एकेक पुढे येतं. दोन-तीन घास थांबा. त्यानंतरही नको वाटलं तर नको. प्रत्येकाला आवडलाच पाहिजे असं काही नाही, आणि बळेबळे खाऊ तर मुळीच नका.

पहिल्यांदाच खातोय. काय मागवू?

जितका साधा पदार्थ तितका ट्रफल बोलतो. पिएमोंतेत पांढऱ्या ट्रफलबरोबर तायारिन खातात. हा केसासारखा बारीक, पिवळाधमक पास्ता. एक किलो पिठाला ३०-४० अंड्यांच्या बलकांपर्यंत मजल जाते. तो उकडून नुसत्या लोण्यात घोळवतात आणि वर थोडं चीज. मग ताट टेबलावर येतं आणि आम्ही तुमच्यासमोर ट्रफल किसतो. पातळ पात्याच्या छोट्या किसणीवरून कागदाहून पातळ चकत्या गरम पास्त्यावर पडतात, त्यांच्या कडा लोण्यात भिजून किंचित वळतात आणि वास अख्ख्या टेबलावर पसरतो. त्या क्षणी फोटो काढण्यात वेळ घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती. सगळ्यात चांगला वास पहिल्या दोन मिनिटांत असतो. काटा उचला.

तायारिन नको असेल तर लोण्यात केलेलं अर्धकच्चं अंडं, किंवा फोंदुता (फोंतिना चीज, दूध आणि बलक यांचं घट्टसर मिश्रण) हेही उत्तम. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, वरून कच्चाच किसतात. काळा थोडी ऊब सोसतो, म्हणून तो सॉसमध्ये, मॅश केलेल्या बटाट्यात किंवा मांसाच्या पदार्थातही छान लागतो.

रिसोटोबद्दल (हा इटालियन पद्धतीचा भात) जरा सविस्तर सांगते, कारण तो परत पाठवला जातो. ‘भात शिजलाच नाही’ ही तक्रार मला मराठी टेबलांवर हमखास ऐकू येते. कार्नारोली किंवा आर्बोरिओ तांदूळ थोडा थोडा गरम स्टॉक (भाज्या किंवा मांस उकळून काढलेलं पाणी) घालत शिजवतात. बाहेरून त्याची साय झाल्यासारखी होते आणि दाण्याच्या मध्यभागी किंचित कण राहतो. तो कण मुद्दाम ठेवलेला असतो. आपल्याला मऊ भाताची सवय आहे, हे मला मान्य. ऑर्डर देतानाच ‘जरा जास्त शिजवा’ सांगितलंत तर शेफ करून देईल, त्यात काही गैर नाही. फक्त आधी सांगा.

गोव्यात आलोय, तर प्रॉन्स आणि ट्रफल एकत्र मागवू का?

माझ्या मते नको. ताज्या कोळंबीला स्वतःचा गोडवा आहे, ट्रफलचा वास तिच्यावर चढून बसतो. दोन्हींचे पैसे देऊन दोन्ही हुकतात. कोळंबी दुसऱ्या दिवशी दुपारी हुमणात (गोव्याच्या नारळाच्या रश्श्यात) खा. टोमॅटोच्या आंबट सॉसबरोबर किंवा तिखट पास्त्यावरही ट्रफल घालून घेऊ नका.

वजन करून घेतात म्हणे. फसवणूक तर होत नाही ना?

पद्धत समजून घेतली तर होत नाही. काही ठिकाणी पदार्थाच्या किमतीतच ठरावीक ग्रॅम ट्रफल धरलेला असतो. काही ठिकाणी पदार्थाचे वेगळे आणि ट्रफलचे ग्रॅमवर वेगळे. दुसऱ्या प्रकारात ट्रफल आधी छोट्या डिजिटल काट्यावर ठेवतात, आकडा तुम्हाला दाखवतात, किसून झाल्यावर पुन्हा वजन करतात आणि फरकाचे पैसे लावतात. काटा टेबलावर आणायला सांगा. एका ताटाला साधारण ५ ग्रॅम पुरतो, १० ग्रॅम म्हणजे चैन. किसायला सुरुवात होण्याआधीच ‘पाच ग्रॅमवर थांबा’ असं बोलून ठेवा, कारण चकत्या पडू लागल्या की ‘बस’ म्हणायचं भान राहत नाही आणि बिलात ते दिसतं. चौघांत एकच ट्रफलचा पदार्थ मागवून वाटून घेतलात तरी चालतं. कुणी नाक मुरडणार नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. चालेल का?

ट्रफल स्वतः बुरशी आहे, त्यामुळे जे मशरूम खातात त्यांना अडचण नाही. श्रावणात, चातुर्मासात जे मशरूम वर्ज्य करतात त्यांनी तोच नियम इथे लावावा. जैन मंडळींनी टाळलेलाच बरा. बुरशी त्यांना वर्ज्य, शिवाय तो जमिनीखालचाही.

खरी काळजी बाकीच्या ताटाची घ्यायला हवी, आणि ती मेन्यूवर हिरवा ठिपका बघून मिटत नाही. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. अंडं नको असेल तर कोरड्या पास्त्यातले प्रकार मागा. रिसोटोचा स्टॉक अनेक ठिकाणी चिकनचा असतो, तो भाजीचा आहे का ते विचारा. आणि चीज. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनवायचं असा त्याचा नियम आहे. ग्राना पादानो आणि फोंतिना यांचंही तसंच. अनेक शाकाहारी कुटुंबांना हे ठाऊक नसतं आणि नंतर कळलं की मनाला लागतं. भारतात बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवी खूण असते. म्हणून बुकिंग करतानाच फोनवर सांगा: ‘अंडं नको, चिकन स्टॉक नको, प्राणिज रेनेटचं चीज नको.’ एवढं स्पष्ट सांगितलं की स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळतो. ऐनवेळी टेबलावर सांगितलं की बिचारा शेफ नुसतं लोणी-लसूण घालून काहीतरी पाठवतो.

आजी-आजोबांना फिकं लागेल का? मुलांचं काय?

लागेल. खोटं कशाला सांगू! त्यांच्यासाठी लाकडाच्या भट्टीतला साधा मार्गेरिटा पिझ्झा किंवा भाज्यांचं घट्ट मिनेस्त्रोने सूप मागवा, आणि ट्रफलच्या ताटातला एक घास चाखायला द्या. कितीतरी आज्या त्या एका घासावर दुसरा मागतात, आणि नातवंडांना चीज असलं की पुरतं. चिली फ्लेक्स आणि केचप मागितलं तर आम्ही आणून देतो. फक्त ते ट्रफलच्या ताटावर घालू नका.

बरोबर काय प्यावं?

आल्बाच्या आजूबाजूच्याच टेकड्यांवर नेब्बिओलो द्राक्षांपासून बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन होतात. त्या ट्रफलबरोबर शोभतात, पण खिशाला जड. ग्लासावर मिळणारी एखादी साधी इटालियन वाइनही चालते. फेणीवर माझं प्रेम आहे, पण तिचा वास ट्रफलला उभं राहू देणार नाही. ती जेवणाआधी तास-दीड तास घ्या, किंवा दुसऱ्या दिवशी. गोव्यात दारू पिण्याचं वय २१ आहे. न पिणाऱ्यांनी साधं पाणी घ्यावं, गोड सोडा टाळावा.

बुकिंग, कपडे, येणं-जाणं?

शनिवार-रविवार आणि डिसेंबरमध्ये बुकिंग हवंच. त्याच फोनवर ‘ताजा ट्रफल आलाय का’ हेही विचारून घ्या, कारण विमान चुकलं तर माल दोन दिवस उशिरा येतो. कपडे नीटनेटके पुरेत. समुद्रावरून ओल्या चड्डीत येऊ नका, एवढंच. गडद अत्तर लावून येऊ नका ही विनंती जास्त महत्त्वाची: शेजारच्या टेबलालाही ट्रफलचा वास यायला हवा ना.

आसगाव, वागातोर, शिवोलीकडचे रस्ते अरुंद आणि रात्री अंधारे. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. परतीची टॅक्सी येतानाच ठरवा किंवा गोवा माइल्स या टॅक्सीच्या ॲपवर बघा. वाइन घेणार असाल तर स्वतः गाडी चालवू नका.

बिलात काय काय असतं?

स्वतंत्र रेस्टॉरंटला जेवणावर ५ टक्के जीएसटी. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असणाऱ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला साधारणपणे १८ टक्के. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. तो लावलेला दिसला तर काढायला सांगा. सेवा आवडली तर टीप तुमच्या मर्जीने ठेवा. आम्हाला तीच जास्त आवडते.

ट्रफल गोव्यातच पिकवता येईल का?

गोव्यात नाही. ट्रफलला चुनखडीची, अल्कली माती आणि खरी थंडी लागते. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे शाल घ्यावी इतपत. पण हा प्रश्न आला की मी पाहुण्यांना रोयणीवरच्या अळम्यांबद्दल सांगतेच. पावसात वाळवीच्या वारुळावर उगवणारी ही मशरूम. ट्रफलची सोयरीक झाडाशी, तर अळम्यांची वाळवीशी, आणि वाळवीशिवाय त्यांची लागवडही कुणाला जमलेली नाही. पानात बांधून रस्त्याकडेला विकायला येतात तेव्हा भाव ऐकून बाहेरगावचे लोक थबकतात. गोवा विद्यापीठात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे.

लोण्यावर परतलेल्या अळम्या रिसोटोत अप्रतिम लागतात. तोणाकात (वाटलेल्या खोबऱ्याच्या गोव्याच्या रश्श्यात) त्याहून छान, असं मी डिचोलीची म्हणून म्हणणारच. पण वारूळ ओरबाडून सगळ्या काढून आणलेल्या घेऊ नका, आणि अभयारण्यातून आणलेल्या तर नकोच. तिथून काही काढायला बंदी आहे. आणि ओळख नसताना रानातली अळमी स्वतः खुडून खायचं धाडस कधीही करू नका, त्यात विषारी प्रकारही असतात.

उरलेलं पॅक करून मिळेल का?

पिझ्झा मिळेल. ट्रफलचा पास्ता किंवा रिसोटो पुन्हा गरम केलात तर वास उडतो आणि चिकट गोळा उरतो. तिथेच संपवा.

ताजा ट्रफल घरी न्यायला मिळतो का? कसा ठेवायचा?

सीझनमध्ये काही रेस्टॉरंट छोटा तुकडा विकतात, विचारून बघा. न धुता, टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि कागद रोज बदला, कारण ओल धरली की बुरा येतो. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, तांदूळ त्यातलं पाणी शोषून त्याला सुकवतात. त्यापेक्षा त्याच बरणीत तीन-चार गावठी अंडी ठेवा. कवचातून वास आत शिरतो. दोन दिवसांनी ती अंडी लोण्यावर मंद आचेवर करा, मीठ घाला, मिरची-कांदा नको. ट्रफल ब्रशने साफ करून वर किसा. पांढरा असेल तर चार-पाच दिवसांत संपवा, काळा आठवडाभर जाईल. प्रवासात बर्फाच्या डब्यात न्या आणि बरणी ट्रेनमध्ये उघडू नका, अख्खा डबा गॅस शोधत बसेल.